एका ग्रॅममध्ये बारा गुंठे

होळीच्या आगेमागे शिरूर-दौंडकडच्या गावांत कडुनिंबाची पानगळ सुरू होते. सकाळी अंगण झाडावे आणि दुपारपर्यंत ते पुन्हा पिवळ्या पानांनी भरून जावे, असे पंधरा-वीस दिवस चालते. ही पाने उकिरड्यात जातात, नाहीतर बांधाला ढीग करून पेटवून दिली जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पाचोळा उचलला, दळून त्याची पूड केली आणि ती हवेशिवाय तापवली. हाती आला काळा कोळसा. २०१३ साली त्यांनी या कोळशावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा असा होता : या कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे १२३० चौरस मीटर.

आपल्या हिशेबात सांगायचे तर एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमटीत मावेल एवढ्या एका ग्रॅम कोळशात बारा गुंठे जमीन घडी घालून ठेवलेली आहे. साडेतीन ग्रॅम घेतले तर एकराहून जास्त. सात-बाऱ्यावर न येणारी ही जमीन कोळशातल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींची आहे, आणि तिच्यावर जे पीक घेता येते ते आहे वीज.

वीज ही साठवायला सर्वांत अवघड वस्तू आहे. ज्वारी कणगीत राहते, पाणी धरणात राहते, ऊस काही दिवस उभा ठेवता येतो. तारेतली वीज मात्र ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुठेतरी खर्च व्हावी लागते. देशभरच्या जाळ्याची कंप्रता सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास सांभाळायची, तर निर्मिती आणि वापर यांचा तराजू सतत समतोल ठेवावा लागतो. रात्री कारखाने आणि शहरे थंडावली की वीज उरते, म्हणून शेतीचा थ्री-फेज पुरवठा अनेक वर्षे चक्राकार पद्धतीने रात्रीकडे ढकलला गेला. शिरूरच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस हे बिबट्याचे घर झाले आहे, आणि मध्यरात्री मोटर चालू करायला त्याच उसातून जावे लागते. ‘दिवसा वीज द्या’ ही इथली मागणी जिवाची मागणी आहे. राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, तो याच दिशेने. पण सूर्य मावळला की प्रश्न उलटा उभा राहतो : दुपारी उरलेली वीज संध्याकाळच्या दिव्यापर्यंत न्यायची कशी?

त्याचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत जास्त हाताळलेले उत्तर शिरूर तालुक्यातच तयार होते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, महागणपतीच्या देवळापासून थोड्याच अंतरावर, ‘टाटा ग्रीन’ बॅटऱ्यांचा कारखाना आहे. टाटा ऑटोकॉम्प आणि जपानची जीएस युआसा यांच्या भागीदारीतून तो उभा राहिला. यातल्या ‘जीएस’ या अक्षरांमागे एक माणूस आहे : गेन्झो शिमाद्झू. क्योतोच्या या कारागीर-संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधली पहिली शिसे-आम्ल बॅटरी बनवली, आणि त्याच्या नावाची आद्याक्षरे पुढे बॅटरीवर छापली गेली. त्याच्याही आधी, १८५९ साली, फ्रान्सच्या गॅस्टन प्लाँतेने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले होते. वीज दिली की भरणारा आणि जोडणी केली की परत देणारा तो पहिला साठा. आज ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली जी पेटी असते तिच्या पोटात अजूनही तेच आहे : एका पत्र्यावर शिसे, दुसऱ्यावर शिशाचे डायऑक्साइड, मध्ये पातळ केलेले गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट चढते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना हीच क्रिया उलटी फिरते. म्हणून गॅरेजवाला हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघतो. १.२८ च्या आसपास आली तर बॅटरी भरलेली, १.१२ पर्यंत उतरली तर रिकामी. एका घरात दोन व्होल्ट, अशी सहा घरे मिळून बारा व्होल्ट.

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडल्याचे दिवस आठवत असतील. दौंडच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचेही तेच होते. जुन्या पद्धतीच्या डब्याखाली चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर असतो, तो धावताना ११० व्होल्टच्या बॅटऱ्या भरतो आणि गाडी थांबली की त्याच बॅटऱ्या दिवे-पंखे चालवतात. आपण फलाटावर चहा पीत असताना डब्यातला पंखा फिरत राहतो, तो मघाच्या वेगावर.

मग याच पेट्या ओळीने मांडून शेतातली मोटर रात्री का चालवू नये? हिशेब करून पाहू. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे ३.७३ किलोवॉट. सहा तास चालली, आणि मोटरीतली गळती धरली नाही, तरी २२ युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट साठवते. पण शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती लवकर जाते, म्हणून वापरायचा निम्माच भाग. म्हणजे एका मोटरीला पंचवीसेक बॅटऱ्या, वजन तेराशे-चौदाशे किलो. एवढे शिसे विहिरीच्या काठावर मांडणे कुणाला परवडेल? शेतकऱ्याने यावर आपल्या पद्धतीने तोडगा काढला आहे. सौर पंपाला बहुधा बॅटरी नसतेच. ऊन आहे तोवर पाणी उपसून शेततळ्यात टाकायचे आणि लागेल तेव्हा सोडायचे. मला हा फार शहाणा साठा वाटतो. ठाणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला राज्याने हेच २५० मेगावॉटच्या मापाने केले आहे. विजेला मागणी कमी असते तेव्हा पाणी वरच्या जलाशयात चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडून जनित्र फिरवायचे.

लिथियमने हा हिशेब बदलला. स्टॅनली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच बॅटरीसाठी. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली होती. शिशाच्या बॅटरीत पत्र्याचे रसायनच बदलते. लिथियम बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूच्या स्फटिकाच्या थरांतून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात आणि चार्ज करताना परत येतात, घर तसेच राहते. त्यातली लोह-फॉस्फेटची जात गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांच्या हातून पुढे आली, १९९७ मध्ये. महाग कोबाल्ट तिला लागत नाही आणि ती सहजासहजी पेटत नाही. आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरीला या जातीचा सुमारे १९० किलोचा संच पुरतो. किंमतही उतरली : २०१० ते २०२४ या काळात जगात लिथियम बॅटरी संचाचा युनिटमागचा भाव साधारण नऊ दशांशाने खाली आला.

पण या दोन्ही बॅटऱ्यांना एक मर्यादा आहे, आणि इथूनच आपण परत कडुनिंबाच्या पानाकडे येतो. बॅटरी म्हणजे धान्याचे पेव. भरपूर मावते, पण भरायला वेळ लागतो, उपसायला वेळ लागतो, आणि दरवेळी आत उतरताना भिंत थोडी ढासळते. रसायनाच्या आत शिरणे-निघणे हेच तिचे काम, म्हणून काही हजार फेऱ्यांत ती थकते. काही कामे अशी असतात की वीज थोडी हवी, पण एका झटक्यात हवी आणि लाखो वेळा हवी. डिझेल इंजिनाला पहिला धक्का देणे, ब्रेक लागताना निर्माण झालेली वीज दोन-चार सेकंदांत पकडणे, ढग आला आणि सौर पॅनलची वीज पडली तर तेवढा क्षण सावरणे.

त्यासाठी दुसरी युक्ती आहे, आणि ती बॅटरीहूनही जुनी आहे. १७४५-४६ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात पीटर मुशेनब्रुक यांनी काचेच्या बरणीत वीज साठवली. व्होल्टाची पहिली बॅटरी त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८०० साली आली. बरणीच्या आतबाहेर धातू, मध्ये काच. एका बाजूला धन भार, दुसऱ्या बाजूला ऋण, दोघे काचेआडून एकमेकांना ओढून धरतात. रसायन काहीच होत नाही. हाच कपॅसिटर. गावात त्याला कंडेन्सर म्हणतात, आणि सिंगल-फेज मोटर किंवा छताचा पंखा फिरेनासा झाला की वायरमन आधी तोच बदलून बघतो.

कपॅसिटरमध्ये किती भार मावेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. समोरासमोरचे पृष्ठफळ जितके मोठे आणि मधले अंतर जितके कमी, तितका साठा जास्त. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. सगळे करून त्याची धारकता भरते २.५ मायक्रोफॅरड, म्हणजे फॅरडचा अडीच दशलक्षांश भाग. बराच काळ फॅरड हे एकक एवढे अवाढव्य वाटत राहिले की एक फॅरडचा कपॅसिटर बनवायचा तर तो खोलीएवढा होईल असेच गणित होते.

ही कोंडी कोळशाने फोडली. विजेचा भार दिलेला कोळसा क्षारयुक्त द्रावात बुडवला की द्रावातले उलट भाराचे आयन त्याच्या प्रत्येक भिंतीला जाऊन चिकटतात. भार आणि आयन यांच्यातले अंतर एक नॅनोमीटरपेक्षाही कमी राहते. काचेची, प्लॅस्टिकची गरजच नाही. एका रेणूची जाडी हीच मधली भिंत. या विद्युत दुहेरी थराचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते, पण त्यावर चालणाऱ्या साधनाचे पेटंट अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकर यांनी १९५७ मध्ये घेतले, आणि जपानच्या एनईसीने १९७० च्या दशकाअखेर ते ‘सुपरकपॅसिटर’ या नावाने विकायला काढले. पृष्ठफळ बारा गुंठे आणि अंतर नॅनोमीटरहून कमी, दोन्ही टोके एकाच वेळी साधली. आज बाजारात ३००० फॅरडचा सुपरकपॅसिटर मिळतो, सुमारे अर्धा किलो वजनाचा, हाताच्या मुठीत धरता येणारा. पंख्याच्या कंडेन्सरच्या १२० कोटी पट.

पुण्याच्या संशोधकांच्या निबंधात कडुनिंबाच्या कोळशाची धारकता दर ग्रॅममागे ४०० फॅरड नोंदली आहे, तीही गंधकाम्लाच्या पाण्यात, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीत असते त्याच द्रव्यात. कोळशाला छिद्रे पाडण्यासाठी एरवी कॉस्टिक पोटॅश किंवा वाफेची वेगळी प्रक्रिया करावी लागते. इथे ती केलीच नव्हती. पानातले मऊ सेंद्रिय घटक आणि मातीतून शोषलेले धातूंचे अंश यांनीच तापताना ते काम केले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशोकाच्या पानांवरही त्यांनी प्रयोग केला आणि पान बदलले की कोळशाचे गुण बदलतात हे दाखवले. झाडाने आयुष्यभर पाणी-क्षार वाहण्यासाठी जी रचना उभी केली, तीच मेल्यावर विजेच्या उपयोगी पडते. मला या संपूर्ण विषयात याहून मोठे आश्चर्य दुसरे वाटत नाही.

आकड्यांनी भुलायला मात्र नको. पाण्यातला सुपरकपॅसिटर एका घरामागे साधारण एक व्होल्टच सोसतो, सेंद्रिय द्रावातला २.७ व्होल्ट, त्यापुढे द्रावच फुटतो. त्या ३००० फॅरडच्या डब्यात पूर्ण भरल्यावरही तीनच वॉट-तास वीज असते, म्हणजे तीन वॉटचा दिवा एक तास. आपली मोटर सहा तास चालवायची तर असे पावणेचार टन डबे लागतील. म्हणून त्याला बॅटरीची जागा घ्यायला लावणे चुकीचे आहे. त्याची जागा बॅटरीच्या शेजारी आहे : पेव मागे, आणि उंबऱ्याशी भरलेली पाटी. धक्का पाटीने सोसायचा, पोट पेवाने भरायचे. पाच-दहा लाख वेळा भरून-रिकामी करूनही ही पाटी फारशी झिजत नाही. शांघायमध्ये २००६ पासून अशा बसगाड्या धावल्या ज्या थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत भरून घेतात. आपल्याकडे केरळात कन्नूर जिल्ह्यात केल्ट्रॉनने इस्रोच्या तंत्रज्ञानावर सुपरकपॅसिटरचा कारखाना काढला, तो २०२४ मध्ये सुरू झाला.

आता शिरूर-दौंडच्या नकाशाकडे या नजरेने पाहावे. कोळसा कडुनिंबाचाच हवा असे नाही. उसाच्या चिपाडापासून असा सच्छिद्र कोळसा बनवल्याचे शोधनिबंध अनेक देशांतून आले आहेत, आणि चिपाड म्हणजे इथल्या मातीचा पाचवीला पुजलेला माल. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने आणि दौंड तालुक्यातली रांगेने धूर सोडणारी गुऱ्हाळे यांच्या आवारात त्याचे डोंगर लागत आले. आज त्याचा मोठा भाग बॉयलरमध्ये जातो, ते वाया जाणे मुळीच नाही. पण त्यातला मूठभर अंश कोळसा होऊन विकला गेला तर त्याचा भाव जळणाचा राहणार नाही. दुसरा घटक द्राव. सेंद्रिय सुपरकपॅसिटरमध्ये अॅसिटोनायट्राइल हे द्रावक आणि त्यात टेट्राएथिल अमोनियम या अमाइन घराण्यातला क्षार वापरतात. दौंडपासून जवळच कुरकुंभच्या वसाहतीत अल्काइल अमाइन्स कंपनी याच अमाइन घराण्यातली रसायने बनवते. तिसरा घटक विद्युत मंडल (सर्किट) आणि जोडणी. रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला केंद्राने २०२२ मध्ये मान्यता दिली : सुमारे २९७ एकर, ४९२.८५ कोटी रुपयांचा प्रकल्प. कोळसा, द्राव आणि मंडल, तिन्ही दोन शेजारच्या तालुक्यांत. हे तिन्ही एकत्र आणणारा उद्योजक इथलाच निघावा असे मनापासून वाटते.

सोडियमचीही वाट याच कोळशातून जाते. लिथियम आपल्याला बाहेरून आणावे लागते. सोडियम मिठात आहे. पण सोडियमचा आयन जाडा, लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत तो नीट शिरत नाही. त्याला वेड्यावाकड्या थरांचा ‘कठीण कार्बन’ लागतो, आणि तो वनस्पतींच्या अवशेषांपासून उत्तम बनतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. त्यामागे पाषाणच्या आयसर संस्थेबरोबरचे काही वर्षांचे काम होते. पुण्यातच सी-मेट ही केंद्र सरकारची प्रयोगशाळा लिथियम आणि सोडियम बॅटऱ्यांच्या द्रव्यांवर काम करते.

प्रयोगशाळेतले पान आणि शेतातली मोटर यांच्यामध्ये जो हात लागतो तो कुठे घडतो, याचे उत्तर शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे. पाबळ या अवर्षणी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन हाताने करायला लावून विज्ञान शिकवत असे. त्याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली. प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांना बोस्टनबाहेर पहिली प्रयोगशाळा काढायची होती आणि ती या गावात निघाली. संगणकावर आरेखन करायचे, छोट्या यंत्रावर सर्किटचा पट्टा कोरायचा, त्यावर भाग डाखायचे आणि दुधाच्या तपासणीसारख्या गावच्या कामाला लावायचे. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. बॅटरी आणि सुपरकपॅसिटर एकत्र चालवायला लागते ते नियंत्रक मंडल नेमके याच जातीचे काम आहे.

एक सावधगिरी आधी सांगतो. जुनी शिशाची बॅटरी घरी फोडून किंवा भट्टीत वितळवून शिसे काढू नये. शिशाचा धूर मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुकानात द्या, नवीन घेताना तिचा भाव वजा होतो.

आणि या दोन तालुक्यांतल्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती. मत्स्यालयाच्या दुकानातला सक्रिय कोळसा आणा. चुलीवरच्या कोळशाला पुरेशी उष्णता मिळालेली नसते, तो चालणार नाही. सक्रिय कोळशाची बारीक पूड मिठाच्या पाण्यात कालवून लगदा करा. स्टीलच्या दोन पातळ पट्ट्यांवर तो लिंपा, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला टिपकागद ठेवा, आणि लगदा कागदाबाहेर जाऊन दोन्ही बाजू एकमेकींना टेकणार नाहीत एवढे पाहून पट्ट्या दाबून बांधा. असे तीन संच ओळीने जोडा, दोन पेन्सिल सेलनी दहा मिनिटे भरा, मग सेल काढून घ्या आणि टोकांना लाल एलईडी लावा. तिला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात. सेल टेबलावर वेगळे पडलेले असताना ती लागेल, आणि काही वेळ लागून राहील. वर्गातल्या प्रत्येक मुलाला ती एकदा स्वतःच्या हाताने लावू द्या.